साहेब डोक्यावर आले की

मार्च उजाडला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले सगळे साहेब आपोआप एका मोठ्या साहेबाच्या हाताखाली जातात. मग ते कलेक्टर असोत, बँकेचे मॅनेजर असोत, हेडमास्तर असोत नाहीतर घरातले सासरे. मोठे साहेब सकाळी सहाच्या सुमारास पूर्वेकडून हजर होतात, त्यांचा खाडा कधी होत नाही, आणि बाराच्या ठोक्याला ते बरोब्बर आपल्या डोक्यावर येऊन उभे राहतात. इतर गावांत साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला की माणसं कामाला लागतात. खानदेशात साहेब डोक्यावर आले की माणसं आडवी होतात.

यात आळस नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण घाटावरच्या पाहुण्यांचा तसा समज होतो. पारा ४५ ओलांडून पुढे सरकतो तेव्हा आळस करायलासुद्धा अंगात त्राण राहत नाही. पुण्यातले दुकानदार एक ते चार दुकान बंद ठेवतात आणि त्यावर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो. तिथे ती दुकानदाराची मर्जी असते, म्हणून त्याला पाटी लावावी लागते. जळगावात पाटी लागत नाही. दुकान उघडंच असतं, शटर कमरेपर्यंत खाली ओढलेलं असतं, आणि आत गल्ल्याच्या मागे मालकाचे दोन पाय दिसत असतात. त्या पायांची दिशा बघून समजायचं. अंगठे वर असले तर चारनंतर यावं.

दुपारी दीडला जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या पाचकंदीलला जो माणूस भरभर चालताना दिसतो, तो बाहेरगावचा. त्याच्याकडे कोणी रागानं बघत नाही. सावलीतून एखादा आवाज देतो, "भाऊ, पाणी पिऊन घ्या!" बस. हाच आमचा तणावमुक्तीचा वर्ग. फी नाही.

मे २०२४ मध्ये तर कमालच झाली. उष्णतेची लाट आली आणि जळगाव जिल्हा प्रशासनानं चक्क कलम १४४ खाली आदेश काढला. उन्हाच्या तडाख्यात मजुरांकडून काम करून घेण्यावर आणि दुपारी खासगी क्लास भरवण्यावर बंधनं आली. ज्या कलमानं आजवर दंगली, मोर्चे आणि निवडणुकीची हुल्लड आवरली, त्याच कलमानं आता काम आवरायचं होतं. जादा काम हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होऊ शकतो हे व्यवस्थापनशास्त्राला इतकी वर्षं सुचलं नव्हतं, ते जळगावला सुचलं. आमच्या गल्लीतल्या एका अतिउत्साही कंत्राटदाराला त्या दिवसांत बायकोनं सांगितलं होतं म्हणे, "दुपारी निघाले तर मी पोलिसांना फोन करीन." पुढे १ जुलैला फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १४४ चं १६३ झालं. तोवर पाऊस आला होता. आम्ही कामाला लागलो होतो.

आता कोणी म्हणेल, दुपार अशी घालवल्यावर हे लोक काम करतात तरी कधी? त्यासाठी पहाटे चारला उठावं लागेल. म्हणजे तुम्हाला. आम्ही उठलेलेच असतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पहाटेच घड कापायला सुरुवात होते आणि ऊन तापायच्या आत निम्मी गाडी भरलेली असते. भाजीबाजार सकाळी सातला उतरणीला लागतो. गवंडी सहाला पहिली वीट ठेवतो. दहापर्यंत खानदेशी माणसाची शेतातली फेरी, दूध, भाजी, एक लग्नपत्रिका पोचवणं, एका आजाऱ्याला भेटणं आणि दोन माणसांशी भांडण एवढं उरकलेलं असतं. मुंबईचा माणूस बरोबर अकरा वाजता फोन करतो आणि "गुड मॉर्निंग" म्हणतो. आम्हाला कळत नाही की ह्याला काय उत्तर द्यावं. आमचा दिवस संपत आलेला असतो.

मध्यंतरी किती तास काम करावं यावर मोठमोठ्या माणसांत चढाओढ लागली होती. इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० वर गेले. घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. केळीच्या लिलावातही भाव इतक्या झपाट्यानं चढत नाही. आमच्या आईला मी हे वाचून दाखवलं. तिनं आधी विचारलं की हे ७० तास दिवसाचे का आठवड्याचे. आठवड्याचे म्हटल्यावर तिला त्या माणसाची काळजी वाटली. म्हणाली, "मंग बाकीना दिन तो काय करस?"

आई अमळनेरकडची. अहिराणी बोलते आणि हिशेबाला पक्की आहे.

मला विचाराल तर तासांचा हा वादच चुकीच्या टोकानं धरलाय. काम किती तास करायचं हे कोणालाही ठरवता येतं. अवघड असतं ते थांबणं. आणि थांबायचं काम माणूस मनानं करूच शकत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी थांबवावं लागतं. खानदेशाचं नशीब असं की आम्हाला थांबवणारा फार जबरदस्त होता. त्याच्यापुढे 'एवढं एक करून उठतो' हे वाक्य चालत नाही. एवढं एक करून उठायला गेलेला माणूस दवाखान्यात उठतो.

'होता' म्हटलं, कारण मधल्या काळात एसी आला.

त्याआधी कूलर होता. कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, पंखा, पाण्याची मोटार आणि तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या एवढंच आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशात एकही उन्हाळा काढलेला नाही. कूलरचा खरा गुण त्याच्या आवाजात आहे. कूलर लावला की खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. फोन वाजलेला ऐकू येत नाही. दारावरची कडी ऐकू येत नाही. दोन वाजता आलेला वसुलीवाला दार ठोठावून ठोठावून चार घरांना जागं करून जातो, आपल्याला पत्ता नाही. आणि संध्याकाळी त्याला शपथेवर सांगता येतं की कूलर चालू होता. हे कारण खानदेशात कोर्टातसुद्धा मान्य व्हावं. शिवाय कूलर हॉलमध्ये एकच, त्यामुळे त्याच्यासमोर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका ओळीत आडवे. त्या ओळीतून उठून "मी जरा मेल बघून येतो" म्हणणाऱ्याची जागा परत येईपर्यंत गेलेली असते. ही जागा जाण्याची भीती फार मोठी. भल्याभल्या कर्तबगार माणसांना तिनं दुपारभर जागेवर खिळवून ठेवलंय.

एसीचं उलट आहे. तो मुका. खोली थंडगार, शांत, दार बंद, खिडकीला काळी काच. मोठे साहेब बाहेर आग ओकताहेत आणि आत कोणाला पत्ता नाही. फोन स्पष्ट ऐकू येतो. समोरच्याला आपलंही स्पष्ट ऐकू जातं. मग दुपारी अडीचला मीटिंग लागते. पूर्वी आमच्या एका ओळखीच्या ऑफिसात एप्रिल-मेमध्ये साडेबारा ते साडेतीन फायली आपापल्या जागी विसावायच्या. तिथे एसी बसला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात 'दुपारचा वेळ वाया जातो' असा शोध लागला. थंडावा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी, असं सूचनाफलकावर लिहिलं होतं. त्याच फलकावर खाली दुपारच्या आढावा बैठकीची वेळ होती. माझं स्पष्ट मत आहे, अतिकाम खानदेशात कारखान्याबरोबर आलं नाही, कॉम्प्युटरबरोबरही नाही. ते दीड टनाच्या खोक्यातून आलं, आणि आम्ही ते हप्त्यानं घेतलं.

याचा पुरावा आमच्या घरात आहे. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन जळगावला आला आणि आमच्या वरच्या खोलीत बसला. एसी फक्त तिथेच. सकाळी नऊला दार लावायचा ते रात्री दहाला उघडायचा. मधे जेवणाचं ताट आत जायचं, रिकामं बाहेर यायचं. धुळ्याच्या तुरुंगातसुद्धा कैद्याला दिवसातून एकदा अंगणात सोडत असतील. आतून आवाज यायचा तो इंग्रजी. आईनं दोन दिवस दाराला कान लावला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार आणली की पोरगा एकटाच बोलतो, आणि स्वतःलाच "सॉरी, सॉरी" म्हणतो. मी तिला समजावलं की तिकडे माणसं असतात. "किती?" "बारा." "बारा जन आनि काम कोनीच करी नही राहिनं? नुसतं बोली राहिनात?"

रात्री तो बाहेर येऊन सोफ्यावर पडायचा आणि म्हणायचा, "दमलो गं आजी." आई त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघायची. "दिनभर बठी ऱ्हास, आनि म्हनस मी दमनू."

भाच्यानं तिला बर्नआउट म्हणजे काय ते सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता खाली जाऊन वरच्या मजल्याचा फ्यूज काढून ठेवला. चारला परत लावला. भाचा घामाघूम होऊन खाली आला, कूलरपुढच्या ओळीत आडवा झाला आणि झोपला. कंपनीला त्यानं 'खानदेशात लाईट फार जाते' असं कळवलं. वीज कंपनीवर हा अन्याय होता, पण तिची पूर्वीची कीर्ती अशी की पुण्यात कोणी शंकासुद्धा घेतली नाही. महिनाभर हा फ्यूज नेमानं जात राहिला. त्याच महिन्यात भाच्याला चांगलं रेटिंग मिळालं, हे सांगितलं तर माझ्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आग्रह धरत नाही.

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख वर सहज आला, पण तो सहज सोडण्यासारखा नाही. कमी बोलून जास्त काम कसं होतं याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण तिथे घडलेलं आहे. १९३२ साली विनोबा तिथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन दिलं. मग पुढच्या रविवारी दुसऱ्यावर. असं करत १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय. अठरा रविवार, अठरा प्रवचनं. ऐन उन्हाळा, तोही धुळ्याचा, आणि इमारत तुरुंगाची. आठवड्यात एकदाच बोलायचं. सोमवारी आढावा नाही, बुधवारी 'कुठवर आलं' असा निरोप नाही, शनिवारी स्मरणपत्र नाही. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर आठवड्याला एक मीटिंग आणि एकच माणूस टिपणं घेणारा. आपल्याकडे आठवड्याला अठरा मीटिंगा होतात आणि टिपणं कोणीच घेत नाही.

पाचवा अध्याय २० मार्चला आला. कर्म करून अकर्मी कसं राहायचं हा त्याचा विषय. तिथे विनोबांनी दाखला दिला तो सूर्याचा. सूर्य एवढा अंधार घालवतो, जगाला हलवतो, पण आपण काही काम करतोय हे त्याच्या गावीही नसतं, असा त्याचा भाव. मला नेहमी वाटतं की हा दाखला ऐकताना धुळ्याच्या कैद्यांनी वर बघितलं असणार. मार्चच्या विसाव्या तारखेला धुळ्यात सूर्य काम करत नाहीये असं मानायला गीतेइतकी श्रद्धाच हवी.

रविवारचं मात्र बरं जुळलं. मराठी माणसाला रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या लढ्यातून १८९० साली मिळवून दिली. पुढे त्याच रविवारी एका कैद्यानं काम आणि अकाम यांचा निकाल लावला. आणि आता त्याच रविवारी सकाळी आपल्याला 'उद्याची तयारी' असा मेसेज येतो.

पण एक गोष्ट सरळपणे सांगायला हवी, नाहीतर माझी बाजू फारच सोयीची होईल. हेच साने गुरुजी पुढे नाशिकच्या तुरुंगात गेले आणि तिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून मोकळे झाले. दिवसा तुरुंगाचं काम, रात्री लेखन. यात ना समतोल, ना दुपारची झोप. म्हणजे अठरा रविवारांनीही पुस्तक होतं आणि पाच रात्रींनीही होतं. दोन्ही आजतागायत विकली जातात. फरक इतकाच की पाच रात्रींत 'श्यामची आई' लिहायची तर आत आधी आई साठलेली असावी लागते. आमच्याकडे मार्चअखेरीला रात्र-रात्र जागून लिहितात ते ऑडिटचे खुलासे असतात.

खानदेशी शेतकऱ्याला हे दोन प्रकार नीट ठाऊक आहेत. एक पाटपाणी, दुसरं ठिबक. पाटानं पाणी सोडलं की वावर तुडुंब दिसतं, बघणाऱ्याला समाधान वाटतं, आणि निम्मं पाणी गवताला जातं. ठिबकची नळी बघाल तर तिच्यात काही चाललंय असं वाटतच नाही. तासाला दोन-चार लिटर, तेही थेंबाथेंबानं, पण मुळाशी. रॉकेलच्या एजन्सीपासून सुरुवात केलेल्या भवरलाल जैन यांनी जळगावातून हे तंत्र गावोगाव नेलं. सुरुवातीला जुनी माणसं त्या नळ्यांकडे बघून हसत, एवढ्याशा पाण्यात केळी जगणार आहे का म्हणत. पूर्वी दीड वर्ष घेणारी केळी ऊतीसंवर्धित रोपं आणि ठिबकवर वर्षाच्या आतबाहेर यायला लागली, तेव्हा हसू थांबलं. आता शेतात सगळीकडे ठिबक आहे. आणि त्याच शेतकऱ्याचा पोरगा ज्या ऑफिसात नोकरी करतो, तिथे मात्र अजून पाटपाणी चालू आहे. सगळ्यांना सगळे मेल.

अमळनेर हे गाव तर या बाबतीत फार गमतीचं. गिरणी चालवणाऱ्या प्रताप शेठजींनीच तिथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. एकीकडे भोंगा वाजला की धावणारे कामगार, दुसरीकडे बसून विचार करावा म्हणून आणलेली माणसं. साने गुरुजीही आधी तिथेच आले होते. आणि त्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, त्याचं पुढे विप्रो झालं. म्हणजे आज बंगळुरात रात्री अकराला कॉलवर बसलेल्या हजारो पोरांचा मूळ पुरुष अमळनेरचा. त्यानं गावातून येताना तूप आणलं, तत्त्वज्ञान मंदिर तिथेच राहिलं.

हे सगळं उन्हाळ्याचं झालं. हिवाळ्यात मोठे साहेब नरम असतात, तेव्हा आम्ही काय करतो? भरीत. शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायची आणि मग कोणालाही काम करता येत नाही अशी अवस्था आणायची. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. त्यासाठी जेवायला यावं लागतं.

पण दुपारी आडवं होण्याचं भाग्य सगळ्यांना नसतं. कापूस वेचणीला मजुरी किलोवर मिळते. बसलं की किलो थांबतो. आणि शेतीपंपाच्या लाईटची पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याचं घड्याळच उलटं होतं. दिवसा कडक उन्हात झोप येत नाही, रात्री बारानंतर थ्री-फेज येते, आणि हा माणूस बॅटरी घेऊन, विंचू-काट्यातून, बिबट्याच्या भीतीनं खोकत-खाकरत विहिरीवर जातो. मोठे साहेब दिवसा काम करू देत नाहीत आणि लाईट रात्री झोपू देत नाही. त्याच्यापुढे समतोल जीवनशैलीवर बोलायची माझी हिंमत नाही. एका व्याख्यात्यानं आमच्याकडे ती केली होती. 'रात्री दहानंतर स्क्रीन बघू नका' असं त्यानं सांगितलं. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "साहेब, मोबाईलवरून मोटार चालू करायची ऱ्हाते."

आणि बायका. उन्हाळ्यातली दुपारची विश्रांती हा खानदेशी संस्कृतीचा ठेवा आहे असं मी एकदा जेवताना म्हणालो, तेव्हा मावशी गच्चीवरून खाली येत होती. पाय पोळलेले, पदर डोक्यावर, हातात बिबड्यांचं धोतर. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे बिबडे, कुरडया, शेवया, नागलीचे पापड. पहाटे तीन-चारला ज्वारीचा घाटा शिजायला लागतो, उजाडायच्या आत गच्चीवर बिबडे घातले जातात, आणि मग दुपारभर ते उलटायचे, कावळ्यांपासून राखायचे, वारा सुटला तर धावायचं. त्या वेळेत पुरुषवर्ग कूलरपुढे आडवा होऊन पापडाच्या लाट्या खात असतो आणि तेल कमी पडल्याचं सांगत असतो. मावशीनं धोतर खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही त्याला घाबरून लपता. आम्ही त्याला कामाला लावतो."

ती वर बोट दाखवत होती. इतकी वर्षं ज्याला मी मोठे साहेब म्हणत होतो, तो मावशीच्या हाताखाली पापड वाळवायला होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिला नेमकी किती विश्रांती मिळते असं विचारल्यावर तिनं एक शब्द उच्चारला. आखाजी.

अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात आणि कोणी बोलत नाही. झोक्यावरच्या बाईला खाली बोलवायचं नाही, हा अलिखित नियम. तिच्या मोबाईलवर सासूचा फोन आला तरी झोका वर गेलेला असतो, रेंज नसते.

आणि आखाजीलाच आमच्याकडे सालदाराचं साल संपतं. जुना हिशेब चुकता होतो आणि नवं साल ठरतं, किंवा ठरत नाही. पैसे किती, धान्य किती, कपडे, चपलेचा जोड, सगळं ओट्यावर बसून, चहा घेत, दोन साक्षीदारांसमोर. दोन वर्षांपूर्वी आमच्या चुलतभावाकडे हा कार्यक्रम चालू होता. भाचा सुट्टीवर आलेला, तोही कौतुकानं बसला होता. सालदारानं पैसे मान्य केले, धान्य मान्य केलं, आणि मग म्हणाला की या साली एक नवीन अट आहे. दुपारी बारा ते चार फोन करायचा नाही. केला तरी उचलणार नाही.

चुलतभाऊ हसला. मान्य केलं. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तर दुपारी दोनला तो फोन हातात घेऊन नुसता बघत बसला होता, पण लावत नव्हता. अट पाळली जात होती.

भाच्याला हे खरंच वाटेना. त्यानं यंदा सालदाराला गाठून विचारलं, "काका, त्यांनी ऐकलं कसं? आमच्याकडे ऑफर लेटरमध्ये लिहून देतात तरी कोणी पाळत नाही."

"ऐकत नव्हते ना भो," सालदार म्हणाला. "साल ठरल्यावर आठ दिवसांनीच दुपारी फोन केला. मी उचलला. म्हटलं, मालक, मोटार कशीतरीच आवाज करतेय, तुम्ही स्वतः येऊन बघून जा. आत्ताच्या आत्ता या. आले बिचारे. मे महिना, दुपारचा एक, बांधावरून पायी. मोटार एकदम चांगली होती. त्यानंतर एकदा फोन नाही."

भाचा तेव्हापासून आपल्या मॅनेजरला मे महिन्यात जळगावला बोलावण्याच्या खटपटीत आहे. केळीच्या बागा बघायला या, म्हणतो.